छोट्या मोटारीचें पासिंग

वसईच्या पापडी भागांत 'गाडी पासिंगला गेली आहे' असें कोणीं म्हटलें, तर दुसऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला : 'मग, झाली का पास?' या प्रश्नांतली धाकधूक शाळेच्या निकालाच्या वेळच्या धाकधुकीहून फारशी निराळी नसते. परंतु ही परीक्षा नेमकी कशाची, आणि मागचें दार वर उचलून उघडणारी जी छोटी मोटार आतां घरोघरीं दिसते, जिला सर्वजण हॅचबॅक म्हणतात, तिचा या परीक्षेंत कितपत भरंवसा धरावा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

प्रथम कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून घेऊन ती वाढवून मिळते. खासगी मोटारीला वार्षिक परीक्षा अशी नाहींच. तीच वॅगन आर टॅक्सी म्हणून भाड्यानें चालूं लागली, कीं आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनीं आणि त्यानंतर दरसाल तिला योग्यतेचें प्रमाणपत्र, म्हणजे व्यवहारांतला 'फिटनेस', घ्यावा लागतो. एकाच कारखान्यांतल्या या दोन बहिणी. एक पंधरा वर्षांत एकदांहि निरीक्षकापुढें उभी राहत नाहीं, दुसरी तेवढ्याच काळांत दहाएक वेळां राहते. दिवे आणि ब्रेक यांच्या बाबतींत दुसरीच अधिक सुस्थितींत सांपडली तर मला नवल वाटणार नाहीं.

निरीक्षक पाहतो त्या गोष्टी साध्याच असतात. इंजिनाचा व चॅसिसचा नंबर कागदाशीं जुळतो कीं नाहीं, दिवे, हॉर्न, वायपर चालतात कीं नाहीं, ब्रेक सारखे लागतात कीं गाडी एका अंगाला ओढते, स्टिअरिंगमध्यें ढिलाई किती, टायरची नक्षी शिल्लक आहे कीं नाहीं. ही नक्षी १.६ मिलिमीटरच्या खालीं गेली कीं टायर नियमानें बाद. यांतलें बहुतेक दुरुस्तीचें काम थोड्या पैशांत आटोपतें. समोरच्या दिव्यांचें प्लॅस्टिक उन्हानें पिवळें पडून उजेड मंदावतो, तें घासून स्वच्छ करतां येतें. झिजलेले ब्रेक लायनर एका सकाळींत बदलून होतात. ब्रेक-ऑइल हवेंतली ओल शोषून घेतें, म्हणून तें दोनएक वर्षांनीं बदलावें, हें मात्र पुष्कळांच्या गांवींहि नसतें.

खरी अडचण निराळीच, आणि ती आपल्या या किनाऱ्याची आहे. पापडीच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, आसपास मिठागरें. वाऱ्याबरोबर येणारा खार पत्र्यावर बसतो, आणि दमट हवेंत त्याला सुकावयास अवसर मिळत नाहीं. मीठ आणि पाणी एकत्र आलें कीं लोखंड किती झपाट्यानें गंजतें, हें होडीवाल्यांस सांगावयास नको. मोटारीचा मालक रोज गाडी पुसतो, पण पुसतो तो वरून. सडतो तो तळ : दाराखालची पट्टी, स्प्रिंगा जेथें बसतात ती जागा, सायलेन्सर, ब्रेकच्या धातूच्या नळ्या. छोट्या मोटारीचा पत्रा वजन वांचविण्यासाठीं पातळ असतो, आणि तिला निराळी चौकट नसून हा पत्राच तिचा सांगाडा असतो. म्हणून तळ सडला म्हणजे नुसती शोभा जात नाहीं, बळ जातें. जुलै २०१८ च्या अतिवृष्टींत वसई-विरारमध्यें पाणी तुंबून राहिलें होतें. त्या पाण्यांत उभ्या राहिलेल्या मोटारींचे गालिचे वाळले, पण गालिच्याखालीं काय उरलें तें किती जणांनीं पाहिलें असेल? कधीं कधीं चॅसिसचा नंबरच गंजानें वाचतां येईनासा होतो, मग बाकी सर्व ठीक असूनहि गाडी अडते.

मग अमुक कंपनीची मोटार हमखास पास होते, या बोलण्यांत अर्थ किती? इंग्लंडांत ही तपासणी १९६० सालीं सुरू झाली, ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांपुरती. १९६७ पासून तीन वर्षांच्या गाडीलाहि ती लागू झाली. आज तेथें नंबर दिला कीं कोणत्याहि मोटारीचे मागचे निकाल पाहतां येतात, आणि गाड्या अडतात त्या मुख्यतः दिवे, स्प्रिंगा-सांधे, ब्रेक आणि टायर यांपायीं. जर्मनींत 'ट्यूफ' या तपासणी-संस्थांतर्फे मॉडेलवार निकाल दरसाल छापले जातात. त्यांत पोर्शे ९११ ही महागडी गाडी वारंवार वर असते. ती उत्तम बनलेली आहे, हें खरेंच. पण ती कमी चालते आणि तिच्यावर खर्च करणारा धनी तिला लाभतो, हेंहि तितकेंच खरें. स्वस्त छोटी मोटार दुसऱ्या, तिसऱ्या हातीं जाते, आणि प्रत्येक हाताबरोबर देखभाल उतरत जाते. तिचें अपयश कारखान्याच्या माथीं मारणें मला न्याय्य वाटत नाहीं.

पैशाचीहि बाजू आहे. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचें शुल्क पूर्वीं ६०० रुपये होतें, तें १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालें. वीस वर्षांवरील मोटारीस २०२५ सालीं १०,००० ठरलें. त्यांत पत्र्याचें काम निघालें, तर ठेवावी कीं भंगारांत द्यावी, हा प्रश्न घरांत येतोच. टॅक्सीवाल्याला तर हा प्रश्न चुलीचा असतो. गाडी उभी म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. म्हणून कागद एजंटाच्या हातीं देऊन मोकळें होण्याचा मोह पडतो. पण फिटनेस संपलेल्या टॅक्सीला कायद्यानें नोंदणीच उरत नाहीं, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी तेंच कारण पुढें करूं शकते. शिवाय प्रमाणपत्र हातीं आलें तरी तें त्या दिवसापुरतें बोलतें. ब्रेकची सडलेली नळी तें वाचीत नाहीं.

२०११ सालीं घेतलेल्या मोटारीची मुदत २०२६ सालीं भरते. मुदत संपण्यापूर्वीं साठ दिवसांच्या आंत अर्ज करतां येतो. परंतु तळ पाहावयाचा तो त्याआधीं. गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्यानें धुवावी, सुकूं द्यावी, आणि मग गॅरेजवाल्याला हातोडीनें हलकेच ठोकून पाहावयास सांगावें. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मुदत पावसाळ्यांत भरत असेल, तर हें काम फेब्रुवारी-मार्चमध्येंच उरकावें. जूनमध्यें पत्र्यावर लावलेला रंग वसईच्या हवेंत धड धरत नाहीं.