उतारवयातील ‘ड’ जीवनसत्त्व

‘ड’ जीवनसत्त्व अन्नातून अल्प प्रमाणातच मिळते. ते मुख्यत्वे उन्हातील अतिनील किरणांमुळे आपल्या त्वचेत निर्माण होते. पुढे यकृत व मूत्रपिंड त्यास कार्यक्षम रूप देतात आणि आतड्यांतून कॅल्शियमचे शोषण होऊ लागते. वयोमानानुसार त्वचेची ही क्षमता घटते. त्यातच घराबाहेर पडणेही कमी होते. बंद खिडकीपाशी ऊब मिळते, परंतु आवश्यक ते किरण काच अडवते. पहाटेच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे असतात.

या जीवनसत्त्वाची तीव्र उणीव झाल्यास हाडे मृदू व मांड्यांचे स्नायू दुर्बल होतात. जमिनीवरून उठणे, जिना चढणे कठीण जाते. ‘आता वयच झाले’ असे म्हणून या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये.

तथापि, अधिक मात्रा म्हणजे अधिक लाभ नव्हे. ऑस्ट्रेलियात सत्तर वा अधिक वयाच्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५,००,००० एकक दिले असता त्यांचे पडणे व अस्थिभंग वाढल्याचे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. आपल्याकडे ६०,००० एककांची मात्रा बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक काळापुरती दिली जाते. ती चुकून रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, भ्रम व मूत्रपिंडास इजा संभवते.

यास्तव ज्येष्ठांनी सोसेल तेवढे ऊन घ्यावे, औषध वैद्यकीय सल्ल्यानेच सुरू करावे आणि घरातील मंडळींनी मात्रेचा वार दिनदर्शिकेवर ठळकपणे लिहून ठेवावा.