ताई, तुमचा पगार किती?

माझी एक मैत्रीण कऱ्हाडला वकिली करते. परवा तिच्या धाकट्या जावेनं सहज विचारलं, ‘‘ताई, वर्षाला नऊ लाख फी जमते म्हणता, मग त्यात तुमचा पगार किती?’’ मैत्रीण गप्पच झाली. पगार? तो तिनं कधी काढलाच नव्हता!

विषय निघाला होता कोल्हापूरवरून. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा जिल्ह्याचं कामही तिथंच गेलं. हिच्या मनात आलं, शिल्लक घालून तिथं एक ऑफिस थाटावं. घरचे म्हणत होते, सोनं करून ठेव.

मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. पक्षकारांनी कोर्ट फीसाठी दिलेले पैसे आधी बाजूला काढले. ते आपले नव्हेतच. फी नऊ लाख. ऑफिसचं भाडं, कारकुनाचा पगार, वीज, कागद, प्रवास मिळून तीन लाख. राहिले सहा लाख. हाच नफा, असं ती समजत होती.

पण तिच्या कामाचं मोल? महिना तीस हजार धरले. झाले तीन लाख साठ हजार. उरले दोन लाख चाळीस. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, फी थांबते. भाडं थांबत नाही. म्हणून तीन महिन्यांचा खर्च आणि पगार, एक लाख पासष्ट हजार, बँकेत वेगळे ठेवायचे ठरलं. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत एवढ्या उत्पन्नावर आयकर नाही, नाहीतर तोही आधीच काढावा लागला असता.

हातात राहिले पंचाहत्तर हजार. एवढ्यात कोल्हापूरला ऑफिस कसलं! त्यातून ई-फायलिंगसाठी स्कॅनर-प्रिंटर, तीस हजार. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले, त्यांची पुस्तकं पंधरा हजार. कोल्हापूरच्या फेऱ्यांना वीस हजार. दहा हजार कारकुनाला दिवाळीचे. ऑफिसचं पुढच्या वर्षी, तिथली कामं किती येतात ते बघून. तेव्हा बँकेतली ती रक्कम पुन्हा साठवायची नसेल, हात जरा सैल असेल.

मैत्रिणींनो, वकिली असो, पार्लर असो की शिवणकाम, धंद्यात किती घालायचं ते शेवटी ठरवावं. आधी आपला पगार, मग अडीअडचणीची सोय.

संध्याकाळी तिनं जावेला फोन केला, ‘‘अगं, तीस हजार!’’