एक कोलांटी, अनेक देह

मनुष्य उभा राहतो तो केवळ पायांच्या बळावर, ही आपली सर्वसाधारण समजूत शारीरशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. कारण डोळे, अंतःकर्णातील तोलेंद्रिय आणि स्नायू-सांध्यांतून अखंड निघणारी स्थितिसंवेदना या तिघांच्या जबान्या मेंदूच्या कचेरीत क्षणोक्षणी पडताळल्या जातात, आणि त्यांचा मेळ बसला म्हणजेच देहाचा तोल टिकतो. विशेष शाळेतील व्यायामशिक्षकाचे काम येथूनच सुरू होते. धडधाकट मुलांसाठी ठरलेल्या शिरस्त्यातील अवघड भाग वगळावा आणि उरलेला अपंग मुलांच्या पदरात टाकावा, म्हणजे त्यांची सोय झाली, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. परंतु या मुलाच्या बाबतीत कोणता साक्षीदार गैरहजर आहे आणि त्याची उणीव उरलेल्यांपैकी कोण भरून काढील, याची चौकशी केल्यावाचून कसरत सोपी केली, तर ती सोपी होते एवढेच.

कर्णबधिर मुलाचेच पाहा. हातपाय शाबूत, दृष्टी तीक्ष्ण; सूचना तेवढ्या खुणांनी दिल्या की काम भागले, असे वरकरणी वाटते. पण ऐकण्याचे शंखाकृती इंद्रिय आणि तोल जाणणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका अंतःकर्णात एकमेकींना लागूनच असतात, आणि मस्तिष्कावरणदाहासारखा रोग एकावर घाला घालतो तेव्हा दुसरेही पुष्कळदा त्यातून सुटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या 1882 सालच्या निबंधात 519 मूकबधिरांना गरगर फिरवून केलेल्या परीक्षेची हकीकत आहे. त्यांपैकी 186 जणांना घेरी म्हणून आलीच नाही, तर हार्वर्डच्या सुमारे 200 विद्यार्थी-शिक्षकांत असा इसम एकच निघाला. घेरी न येणे ही कसरतपटूला देणगी वाटेल. प्रत्यक्षात असे मूल डोळे उघडे असता फळीवरून नीट चालते, डोळे मिटताच डळमळते, आणि कोलांटीत डोके खाली जाऊन दृष्टी क्षणभर निरुपयोगी झाली की वर कोठे व खाली कोठे याचा त्याला उलगडा होत नाही. म्हणून समोरच्या भिंतीवर ठळक रंगाची खूण करावी, कोलांटी संपताच नजर तिच्यावर खिळविण्यास शिकवावे, आणि अंधुक उजेडात त्याची तालीम घेऊ नये.

अंध मुलाची गोष्ट नेमकी उलटी. त्याचा कान शाबूत, सांधे शाबूत. परंतु पडेल, धडपडेल या घरच्यांच्या धास्तीने धावण्या-उड्या मारण्याची मुभाच न मिळाल्यामुळे मान खाली, पावले फाकलेली, चाल घसटती, अशी त्याची ठेवण बनते. हा बहुतांशी सरावाच्या अभावाचा परिणाम होय. दादरच्या कमला मेहता अंधशाळेतील मुलींना शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांनी दोरीचा मल्लखांब शिकविला, तो या दृष्टीने मुद्दाम अभ्यासण्याजोगा आहे. देशपांडे यांना 2024 साली पद्मश्री मिळाली, हे वाचकांस स्मरत असेलच. जमिनीवरील उडीत पाय सुटला की अंध मुलाचा जगाशी असलेला स्पर्शसंबंधच तुटतो. दोरीवर तो कधीच तुटत नाही. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी, मांडीखालून दोरी, काखेतून दोरी, आणि तिच्या प्रत्येक वेढ्याच्या दाबातून देहाची अवस्था कळत राहिलेली! गुरूने प्रथम पाऊल हाताने धरून योग्य जागी ठेवावे, अढी घालून थांबलेल्या मैत्रिणीचे अंग चाचपून पाहू द्यावे, आणि मग हात काढून घेऊन नुसत्या शब्दाने काम चालवावे, हा यातील स्वाभाविक क्रम. स्नेहसंमेलनांत अशा प्रयोगांना सद्गदित टाळ्या पडतात, त्यांविषयी मात्र मी जरा साशंक आहे. त्या मुलीच्या अंधत्वाला पडतात की तिच्या कसबाला, याची रुजवात कोणी करीत नाही.

मेंदूच्या पक्षाघाताने हातपाय ताठरलेल्या मुलांच्या बाबतीत शिक्षकाने आपल्या शिट्टीलाच आवर घालावा. त्यांचा स्नायू झटक्याने ताणला की अधिकच आखडतो, सावकाश ताणला तर पुष्कळदा मऊ पडतो. तेव्हा ‘एक-दोन-तीन’च्या ठेक्यावरील कवायतीपेक्षा मोठ्या हवाभरल्या चेंडूवर पालथे निजवून मंद लयीत झुलविणे त्यांस मानवते.

डाउन संलक्षण असलेली मुले याच्या उलट, सैल अंगाची. त्यांचे सांधे इतके लवचिक की अननुभवी शिक्षक हर्षभरित होऊन त्यांना थेट कोलांटीकडेच नेतो. आणि धोका तेथेच असतो. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना जखडून ठेवणारे बंध यांपैकी काही मुलांत ढिले असतात, आणि मान जोराने पुढे वाकली असता मणका सरकून मज्जारज्जूवर दाब येण्याचा संभव असतो. डॉक्टरांनी मान तपासून लेखी परवानगी दिल्याखेरीज या मुलांस कोलांटी, शीर्षासन किंवा उसळत्या जाळीवरील उड्या यांची बंदी असावी. तोवर गादीवरील आडवी लोळण, जमिनीपासून वीतभर उंचीच्या फळीवरून चालणे आणि भिंतीस हात टेकून केलेल्या बैठका, एवढ्यावर त्यांचे सैल स्नायू कसण्यास भरपूर काम मिळते.