पेढींतील संगणकांची राखण



सन २०१७ च्या जून महिन्याच्या अखेरीस न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका धक्क्याचें काम एकाएकीं थांबलें. वादळ नव्हतें, संप नव्हता. कोणता कंटेनर कोठें आहे आणि तो कोणास द्यावयाचा, हें सांगणारे संगणकच मुके झाले होते. हा धक्का चालविणारी संस्था डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या परिवारांतील. लागण मात्र झाली होती ती दूर युक्रेनांत.

त्या देशांतील पुष्कळ पेढ्या कराचा हिशेब करण्यासाठीं एम. ई. डॉक नांवाचें सॉफ्टवेअर वापरीत. हल्लेखोर या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांच्याच यंत्रांत शिरले आणि २७ जून रोजीं त्यांनीं त्याच वाटेनें विष सोडलें. पुढें त्यास ‘नॉटपेट्या’ हें नांव पडलें. भरंवशाच्या गवळ्याच्या चरवींतूनच जें घरांत येतें, त्यास दारावरचा पहारेकरी काय करणार? इंटरनेट व पेढी यांमध्यें बसविलेली ‘फायरवॉल’ हा असा पहारेकरी होय. तो अवश्य हवा. पण तेवढ्यावर विसंबून निजूं नये.

आंत आल्यावर हें विष पसरलें कसें, तें ध्यानांत घेण्यासारखें आहे. विंडोजमध्यें एक छिद्र होतें. तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्येंच दिली होती. ज्यांनीं ‘उद्यां पाहूं’ म्हटलें, त्यांचे संगणक त्या छिद्रावाटे पडले. परंतु दुरुस्त केलेले संगणकही वांचले नाहींत. कारण हें विष संगणकाच्या स्मृतींत राहिलेले पासवर्ड उचलून घेई, आणि त्यांत व्यवस्थापकाचा पासवर्ड सांपडला कीं शेजारच्या यंत्रांत राजरोस प्रवेश करी. जुन्या वाड्यांत दिंडीदरवाजा असूनही कोठीच्या खोलीस निराळें कुलूप असे, व त्याची किल्ली घरांतील प्रत्येकाच्या कमरेला नसे. हिशेब, गोदाम आणि पाहुण्यांसाठींचें वाय-फाय हीं एकाच जाळ्यांत ठेवूं नयेत, तीं वेगळीं असावींत. कारकुनास त्याच्या कामापुरताच अधिकार असावा. पासवर्डाच्या जोडीस मोबाइलवर येणारे अंकही मागावेत. माझ्या भाच्याच्या दुकानांत तर पासवर्ड यंत्राच्या कपाळावरच चिकटविलेला होता!

आतां मर्स्कची खरी अडचण ऐका. कोणता नोकर कोण व त्यास कोठें प्रवेश, याची नोंद ठेवणारीं त्यांचीं सुमारें दीडशें यंत्रें जगभर होतीं. एक बिघडलें तर दुसऱ्यावरून माहिती घ्यावी, अशी योजना होती. परंतु सारीं एकमेकांशीं जोडलेलीं, म्हणून सारीं एकदमच गेलीं. घानामधील एक तेवढें उरलें, कारण हल्ल्यापूर्वीं तेथील वीज गेली होती! तेथील माहिती तारेनें धाडण्यास फार दिवस लागले असते. तेथील कर्मचाऱ्यांजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटीं एकानें ती तबकडी नायजेरियाच्या विमानतळावर नेली व दुसऱ्यानें तेथून इंग्लंडला. दहा दिवसांत सुमारें ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्यानें उभारावे लागले. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर इतका होता.

जाळ्याला जोडून ठेवलेली प्रत ही संकटकाळीं प्रत नव्हेच. निदान एक प्रत निराळ्या तबकडीवर घ्यावी, तार काढून ती कपाटांत ठेवावी, आणि ती उघडते कीं नाहीं हें अधूनमधून पाहावें. हें शेवटचें काम जवळजवळ कोणीच करीत नाहीं. भाच्यास मीं विचारलें तेव्हां त्यानें मोठ्या अभिमानानें कपाटांतील तबकडी काढली. लावून पाहतों तों काय, गेल्या दिवाळीपासूनचा हिशेब तिच्यांत उतरलाच नव्हता. त्या रात्रीं दुकान बंद झाल्यावर आम्हीं दोघांनीं बसून नवी प्रत काढली.