बँकेची घट

संध्याकाळचे साडेसहा. नाशिकच्या भांडी बाजारात एका दुकानाच्या पायरीलगत स्टुलावर बसून मी कल्हईला दिलेल्या पातेल्याची वाट बघतोय. गोदावरीला मोठा पूर आला की पाणी थेट या गल्लीत येतं. आज मात्र लग्नसराईची गर्दी आहे. गल्ल्यावरचा साउंडबॉक्स मधूनमधून बोलतोय. वीस रुपये प्राप्त झाले. साठ रुपये प्राप्त झाले.

काट्यावर एका मावशींची मोड आहे. दोन जुने पितळी डबे, एक चेपलेली कळशी.

"पाच किलो भरली," शेठ म्हणतात. "घट चारशे ग्रॅम. चार किलो सहाशेचे पैसे धरतो."

"चारशे? घरून पिशवीत आणलंय मी, वाटेत कुठे झिजलं?"

"मावशी, डब्याला कथलाचे डाग दिलेत, बुडाला काजळी आहे. भट्टीत एवढं जाणारच."

मावशी पुन्हा वजन करायला लावतात. पाच किलोच. सहाशेच्या भावाने 2,760 रुपये होतात. नवा हंडा, कळशी, परात आणि समयांची जोडी मिळून 14,760. मोड वजा जाता बरोबर 12,000. लग्न मावशींच्या लेकीचं, आणि ती शेजारी उभी राहून हिशेब मोबाइलवर पडताळतेय.

"अकरा आठशे करा शेठ. पहिलंच कार्य आहे घरातलं."

शेठ मान हलवण्याच्या बेतात असतात, तेवढ्यात लेक पर्समधून कार्ड काढते. त्यांची मान मध्येच थांबते.

"डेबिट का क्रेडिट, ताई?"

"क्रेडिट. पुढच्या महिन्यात भरता येतात ना, आणि पॉइंट मिळतात."

"मग अकरा नऊशेच्या खाली नाही परवडत."

गिऱ्हाइकाला हा चिकटपणा वाटतो, मलाही इतकी वर्षं वाटायचा. पण आज समोर पाटी-पेन्सिलीइतका उघडा हिशेब आहे. रुपे डेबिट कार्ड किंवा यूपीआय असतं, तर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला त्यावर शुल्कच नाही. दुसऱ्या कंपनीचं डेबिट कार्ड असतं, तर रिझर्व्ह बँकेने 2018 पासून घातलेली मर्यादा आहे: वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असली तर 0.40 टक्के आणि एका व्यवहाराला फार तर 200 रुपये, त्यावरच्यांना 0.90 टक्के, फार तर 1,000. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. तिथे बँकेशी जे ठरेल ते. या शेठचं दोन टक्क्यांवर ठरलंय.

म्हणजे 11,900 वर 238 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 42 रुपये 84 पैसे. एकूण 280 रुपये 84 पैसे.

"हजारामागे सत्तर-ऐंशी सुटतात मला," लेक पिन दाबत असताना शेठ माझ्याकडे बघून हळूच म्हणतात. "आणि ते काय नफ्यावर कापतात का? अख्ख्या बिलावर. पितळ माझं नाही, ते व्यापाऱ्याचं. बिलातला जीएसटी सरकारचा. त्याच्यावरही दोन टक्के!"

खरंच की. नऊशेच्या आत-बाहेर सुटणार, त्यातले पावणेतीनशेच्या वर मशीन गिळणार. बेचाळीस रुपयांचा जीएसटी शेठना आपल्या करातून वळता करून घेता येतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला तीही सोय नाही. कापलेल्या पैशांतला मोठा वाटा ज्या बँकेने लेकीला कार्ड दिलं तिला जातो, थोडा कार्ड कंपनीला, उरलेला मशीनवाल्या बँकेला. लेकीचे पॉइंट याच पहिल्या वाट्यातून येतात. शेठना हे पक्कं ठाऊक आहे. मशीनचं महिन्याचं भाडं निराळं, आणि त्या बोलक्या डबीचंही.

डेबिट कार्डाचा हा खर्च गिऱ्हाइकाकडून घेऊ देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलंय. क्रेडिटवर काही दुकानदार तोंडावर दोन टक्के मागतात. हे शेठ मागत नाहीत, नुसती सूट आखडतात. शंभर रुपये त्यांनी असे वाचवले, उरलेले एकशे ऐंशी गिळले. मला यात लबाडी दिसत नाही. घासाघिशीचा बाजार आहे, त्यात बँकही एक गिऱ्हाईक होऊन बसलीय, एवढंच. फक्त तिच्याशी घासाघीस चालत नाही.

मशीनमधून चिठ्ठी सरकते. शेठ आपली प्रत तारेत खोचतात. पैसे उद्या खात्यात येतील, कापून.

"बँक सूट देते का हो कधी?" मावशी विचारतात.

नाव घालणारा पोरगा हंडा मांडीवर घेऊन मशीन सुरू करतो. "काय टाकू? माहेरचं का सासरचं?" मायलेकींत लगेच वाद. तोवर रामकुंडावरून आलेला एक यात्रेकरू गोदाजल न्यायला तांब्याचा छोटा गडू घेतो, क्यूआर स्कॅन करतो. एकशे वीस रुपये प्राप्त झाले. अख्खे एकशे वीस. असल्या छोट्या दुकानांतल्या 2,000 पर्यंतच्या यूपीआयसाठी सरकारने 2024-25 साली बँकांना 0.15 टक्का प्रोत्साहन देऊ केलं होतं. शेठच्या खिशातून काही गेलं नाही.

माझं पातेलं येतं, आतून चांदीसारखं. पैसे मी नोटांनी देतो, का कोण जाणे.

शेठ गल्ल्याखालून लांबडी वही काढतात. आजच्या तारखेखाली मोडीची नोंद: घट, 400 ग्रॅम. पेन्सिल एक ओळ खाली येते आणि त्याच रकान्यात लिहिते: बँक, 281.