पिल्लाच्या पॅडचा वास आणि बंद फ्लॅट
अंधेरी-बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याच्या पिल्लाच्या लघवीसाठी अंथरलेल्या पॅडला उग्र वास येतो तो काही वेळाने. मूत्रातील युरियाचे, म्हणजे शरीराने बाहेर टाकलेल्या नत्रयुक्त द्रव्याचे, जिवाणूंमधील युरिएज हे विकर विघटन करते आणि त्यातून अमोनिया हा नाकाला झोंबणारा वायू सुटतो. पावसाळ्यात खिडक्या बंद असल्याने तो घरातच कोंडतो, म्हणून ओले पॅड लगेच ओली बाजू आत घेत गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी बाहेर काढावे. अगरबत्तीने वास केवळ झाकला जातो. पॅडखालची फरशी पुसताना ब्लीच मात्र कदापि वापरू नये, कारण अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइन हे फुप्फुसांना घातक वायू तयार होतात. घनकचरा नियमांत डायपर सॅनिटरी कचऱ्यात मोडतात; तशाच घडणीचे हे पॅडही ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळे बांधून देणे इष्ट.