बारा वाजले, पण सूर्य डोक्यावर नाही

‘दुपारी बरोब्बर बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते.’ हे वाक्य मुलांच्या वह्यांत असतं, विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवर असतं, आणि मोठी माणसंही ते तितक्याच खात्रीनं सांगतात. जळगाव-धुळ्यापुरतं बोलायचं तर ते दुहेरी चूक आहे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य आपल्या माथ्यावर कधीच नसतो. आणि वर्षातले दोन दिवस सोडले, तर तो कोणत्याच वेळी बरोबर माथ्यावर येत नाही.

आधी वेळेचं पाहू. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. जळगाव साधारण ७५.६ अंशांवर आहे आणि धुळे ७४.८ अंशांवर. एक अंश सरकायला सूर्याला चार मिनिटं लागतात, म्हणजे तो जळगावला मिर्झापूरपेक्षा सुमारे २८ मिनिटं उशिरा पोचतो आणि धुळ्याला ३१ मिनिटं. म्हणून सरासरी खरी मध्यान्ह जळगावात १२ वाजून २८ मिनिटांनी होते. सरासरी म्हणायचं कारण असं, की पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे ही वेळ वर्षभर मागेपुढे होत राहते. फेब्रुवारीच्या मध्याला ती १२:४२ पर्यंत लांबते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:११ वर येते. बारापर्यंत ती कधीच येत नाही. शंका असेल तर आपल्या गावचा सूर्योदय आणि सूर्यास्त घ्या आणि दोन्हींच्या मधली वेळ काढा. मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरात बहुधा मुंबईच्या वेळा असतात. जळगावची मध्यान्ह मुंबईच्या आधी जवळजवळ ११ मिनिटं होते.

आता उंचीचं. जळगावचा अक्षांश २१ अंश आहे. सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला सुमारे २३.४ अंशांपर्यंत जातो. उत्तरेकडे जाताना तो आपल्या अक्षांशावरून २४ ते २६ मेच्या सुमारास जातो, परत येताना १७ ते १९ जुलैच्या सुमारास. हे आपले शून्य सावलीचे दिवस. मधले जवळपास आठ आठवडे तर सूर्य मध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. ‘भारतात मध्यान्हीची सावली नेहमी उत्तरेला’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी २१ जूनला, आभाळ मोकळं मिळालं तर, साडेबाराच्या सुमारास एक मीटरची काठी उभी करावी. चार सेंटिमीटरची सावली दक्षिणेला दिसेल.

हे सगळं सांगितल्यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आमच्या शाळेत प्रयोगशाळा कुठे आहे?’ हा दुसरा गैरसमज, आणि पहिला त्याच्याच जिवावर टिकून आहे. इथे मला खरंच राग येतो. एक काठी, एक दोरी, एक दगड आणि खान्देशात ज्याची कधी टंचाई नसते ते ऊन, एवढंच साहित्य लागतं. गाइडमधून उतरवलेल्या प्रयोगवहीला गुण मिळतात आणि अंगणातली काठी ‘वेळ नाही’ म्हणून राहून जाते. खान्देशाला तर हे नवीनही नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि ग्रामीण शाळांतलं विज्ञान सुधारण्याच्या सुरुवातीच्या प्रकल्पासाठी त्यानं निवडलं ते आपल्या रावेर तालुक्यातलं खिरोदा.

तर काठी कशी लावायची? एक मीटरची सरळ काठी सपाट जागी उभी करा. धाबं किंवा गच्ची उत्तम. दोरीला दगड बांधला की गवंड्यासारखा ओळंबा तयार होतो, त्यानं काठी उभी आहे का ते तपासा. काठीच्या बुडाभोवती दोरीनं एक वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक या वर्तुळाच्या आत शिरतं आणि दुपारी बाहेर पडतं. दोन्ही ठिकाणी खूण करून खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. होकायंत्राची गरज नाही. ही रीत शुल्बसूत्रांइतकी जुनी आहे. बारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी टोकावर खूण करत गेलात, तर सर्वांत आखूड सावलीची वेळ हीच तुमची खरी मध्यान्ह. टोक जरा धूसर दिसेल, कारण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे. धूसर पट्ट्याचा मध्य धरा.

एक अडचण मात्र खरी आहे. मेमधला शून्य सावलीचा दिवस सुट्टीत येतो आणि जुलैमधला ढगांत. म्हणून मुलांना सुट्टी लागण्यापूर्वीच हे काम सांगून ठेवावं: २४, २५ आणि २६ मे, सव्वाबारा ते पाऊणपर्यंत, गच्चीवर उपडा ठेवलेला स्टीलचा ग्लास. टोपी घालून आणि पाणी पिऊन, कारण तापमान तेव्हा ४२-४३ अंशांवर असू शकतं. चुकलं तरी बिघडत नाही. २०-२१ मार्चला आणि २२-२३ सप्टेंबरला जळगावात एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ३८ सेंटिमीटर भरते. कागदावर तेवढा काटकोन त्रिकोण काढून वरचा कोन मोजा, २१ अंश येतो. गावाचा अक्षांश हातात, नकाशा न उघडता.

हे गणित आपल्या मातीत किती जुनं आहे, तेही सांगायला हवं. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या राजानं त्याला देणगी दिली, असं त्यात नोंदवलं आहे. मठाला काय काय द्यायचं ते जुन्या मराठीत कोरलं आहे, गावातल्या तेलाच्या घाण्यांमागे द्यायच्या तेलासकट. ज्या ग्रंथांसाठी ही सोय झाली त्यांतल्या ‘लीलावती’त शंकू आणि त्याच्या सावलीवर स्वतंत्र प्रकरण आहे. हा शंकू म्हणजे आपली काठीच, फक्त बारा अंगुळांची.

त्याच ‘लीलावती’मुळे आणखी एक समज निकालात निघतो. पाय म्हणजे बरोबर २२/७ नव्हे. भास्कराचार्य त्याला स्थूल म्हणतात आणि सूक्ष्म मान ३९२७/१२५० देतात. लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिचं लग्न घटिकापात्रात मोती पडल्यामुळे हुकलं, ही गोष्ट मूळ ग्रंथात नाही. ती फैजीनं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असते, हेही खोटं. ती सर्वांत जवळ जानेवारीत असते आणि सर्वांत लांब जुलैत. आणि भुसावळचा पारा बाराला नव्हे, तिसऱ्या प्रहरी तीन-चारच्या सुमारास टोक गाठतो, कारण जमीन तापून हवेला तापवायला वेळ लागतो.

काठीचा प्रयोग शाळेत करायला सर्वांत चांगला दिवस २२ डिसेंबर. सुट्टी नाही, आभाळ बहुधा निरभ्र, आणि जळगावात एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली ९८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ काठीएवढी. त्या दिवशी सोलापूरच्या एखाद्या शाळेला फोन करा. सोलापूर जवळपास जळगावच्याच रेखांशावर, सरळ दक्षिणेला आहे. तिथे सावली सुमारे ८७ सेंटिमीटर भरेल. दोन्हींवरून सूर्याचे कोन काढले की फरक साधारण ३.३ अंश येतो. दोन गावांतलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३७० किलोमीटर. त्याला ३६० नं गुणून ३.३ नं भागलं की पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या आसपास निघतो. कोन कंपासपेटीतल्या कोनमापकानं मोजू नका; अर्ध्या अंशाची चूक उत्तर पाच ते सात हजार किलोमीटरनं हलवते. दहावीच्या मुलांकडून टॅन्जंटवरून काढून घ्या. अंतर एसटीच्या तिकिटावरचं नको, नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं हवं.